मावशीच्या देशातला कायदा आणि मालककाकांची झारी

तोफ आरशासमोर उभी होती. अंगात बाबांचा कोट, हातात माइक म्हणून केसांचा ब्रश, आणि चेहऱ्यावर जगातल्या समस्त अन्यायाबद्दलची चीड. "सभ्य स्त्री-पुरुषहो," ती आरशाला म्हणाली, "माणसाला स्वतःचं असं नेमकं काय असतं?"

"आवाज बरा आहे," आरसा म्हणाला. "पण हात फार हलतात. आणि दुसरा मुद्दा लंगडा पडतोय."

आरशात बाबांच्या कोटामागे मालककाका उभे होते. घरातलाच सदरा, पायात सपाता, हातात पाण्याची झारी. तोफ किंचाळली नाही. किंचाळायला आधी श्वास घ्यावा लागतो, आणि तिचा श्वास मधेच कुठेतरी अडकून बसला होता. काका तिला वळसा घालून गॅलरीत गेले, गुलाबांना पाणी घातलं, एका कळीशी काहीतरी खाजगी बोलले आणि आल्या वाटेनं परत गेले. जाताना दार मात्र हळूच लावून घेतलं, कारण ते सभ्य गृहस्थ होते.

हे मालककाका म्हणजे घरमालक. खाली ते आणि काकू राहत, वर तोफेचं कुटुंब. खालच्या अंगणात ऊन पडत नसे आणि वरच्या गॅलरीत नुसतं उतू जायचं, म्हणून काकांचे गुलाब वर होते. त्यांचं म्हणणं असं की गुलाब आधी आले आणि भाडेकरू नंतर, तेव्हा कुणी कुणाला सांभाळून घ्यायचं हे उघड आहे. त्यांच्याकडे वरची किल्ली होती. बेल वाजवून का येत नाही, असं कुणी विचारलंच तर ते म्हणत, "बेल बंद आहे ना." बेल खरोखरच बंद होती. ती दुरुस्त करून द्या असं बाबांनी घरात आल्यापासून कितीदा तरी सांगितलं होतं, आणि दर वेळी काका म्हणत, "मी तर किल्लीनं येतो. बेल हवीय कुणाला?" या युक्तिवादाला तोड नाही. तोफेनं बरीच शोधली.

तोफ हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. गेल्या वर्षापर्यंत तिला घरात पुटपुटी म्हणायचे. वर्गात ती हजेरीला इतक्या हळू "उपस्थित" म्हणे की बाई गैरहजेरी मांडत. मग वक्तृत्व स्पर्धेत आयत्या वेळी कुणाचा तरी घसा बसला, पुटपुटीला मागून ढकललं गेलं, आणि स्टेजवर गेल्यावर तिच्याच तोंडातून असा आवाज निघाला की परीक्षकांचा चष्मा घसरला. त्या दिवसापासून ती तोफ. तिला हे नाव फार आवडायचं, पण आपल्याला ते आवडतं हे ती कुणाला कळू द्यायची नाही.

आता अशा माणसाच्या भाषणात कुणी झारी घेऊन घुसलं तर ते शांत बसेल का?

खरं तर आजवर सगळ्यांत जास्त सोसलं होतं आईनं. आई घरी कपडे दुरुस्त करून द्यायची; सैल असेल ते आत घ्यायचं, आवळत असेल ते सोडायचं. गॅलरीच्या दाराशी तिचं शिवणयंत्र होतं, कारण तसा उजेड गावात दुसरीकडे कुठे मिळाला नसता. काळ्यावर काळा दोरासुद्धा तिथे डोळे न ताणता दिसायचा. आधीच्या अंधाऱ्या घरात तिच्या डोळ्यांचं पाणी थांबत नसे. इथे आल्यावर ते थांबलं होतं. पण मागच्याच आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापिका त्याच उजेडात, अर्ध्या झग्यात आणि अर्ध्या टाचण्यांत उभ्या असताना दारात किल्ली फिरली. काका आत आले, नजर अत्यंत सभ्यपणे छताकडे ठेवून गॅलरीत गेले, आणि परतताना छताला उद्देशून म्हणाले, "डावी बाही लांब वाटते." बाही लांब होतीच. मुख्याध्यापिका पुन्हा आल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आरशातून काका दिसले त्याच संध्याकाळी मावशीचा व्हिडिओ कॉल आला. मावशी परदेशात असते. कुठला देश ते महत्त्वाचं नाही. घरात त्याला मावशीचा देश असंच म्हणतात, जणू मावशीनं तो विकत घेतलाय. तोफेनं सगळं सांगितलं. मावशी आधी हसली, मग म्हणाली की तिच्या देशात घरमालकाला भाडेकरूच्या घरात पाय ठेवायचा असेल तर एक दिवस आधी लेखी कळवावं लागतं. न कळवता आला तर भाडेकरू त्याला कोर्टात खेचतो.

"स्वतःच्याच घरात यायला?" बाबा म्हणाले. त्यांना खरोखर धक्का बसला होता. बाबा विमा कंपनीत होते आणि लोकांची घरं जळाली, बुडाली, पडली, तरी त्यांना असा धक्का बसत नसे.

"भाड्यानं दिल्यावर ते त्याचं घर नसतं, भावजी," मावशी म्हणाली. "भिंती त्याच्या. घर तुमचं."

हे वाक्य तोफेच्या डोक्यात जाऊन असं बसलं की पुढचा सगळा गोंधळ त्याच्यातूनच उगवला. तिनं एका जाड कागदावर सुरेख अक्षरात लिहिलं: 'आत येण्यापूर्वी कृपया एक दिवस आधी लेखी कळवावे. (मावशीच्या देशातील नियमानुसार.)' आणि तो कागद बाहेरून दारावर चिकटवला.

सकाळी किल्ली फिरली. काका आत आले. एका हातात झारी, दुसऱ्या हातात तो कागद. "हे तुमच्या दारावर कुणीतरी चिकटवून गेलंय," ते काळजीनं म्हणाले. "हल्ली कोणीही काहीही चिकटवतं. मी काढून टाकलं. डाग पडतात."

तोफेची वाचा गेली. तोफेची वाचा जाणं हा घरातल्या सगळ्यांना या प्रकरणातला दुसरा धक्का होता.

आता असं प्रकरण शेजाऱ्यांना कळल्याशिवाय राहतं का? समोरच्या दारात निवृत्त पोस्टमास्तर राहत. उभा जन्म लोकांची पत्रं वेळेवर पोचवण्यात गेलेला; आता पत्रं नव्हती म्हणून ते लोकांच्या बातम्या पोचवत, आणि त्याही वेळेवर. त्यांनी तोफेला जिन्यात गाठलं आणि सांगितलं की मावशीचा देश म्हणजे काहीच नाही. त्यांच्या भाच्याच्या देशात तर भाडेकरू एकदा आत शिरला की मालकाची ताकद नाही त्याला हलवायची. मालकच भाडेकरूकडे चहाला जातो आणि घाबरत घाबरत विचारतो की सगळं ठीक आहे ना. तिथले भाडेकरू भिंतींना वाट्टेल तो रंग देतात. भाच्यानं जांभळा दिलाय. हे सगळं पोस्टमास्तर जिन्यातून एवढ्या मोठ्यानं सांगत होते की खाली काकूंच्या हातून पातेलं पडलेलं ऐकू आलं.

"तू असं कर," ते शेवटी म्हणाले, "सरकारी कचेरीत जा. आपल्याकडेही काहीतरी कायदा असणारच. नसता तर कचेरी कशाला असती?"

शनिवारी तोफ बाबांना घेऊन घरभाड्याच्या कचेरीत गेली. बाबांना यायचं नव्हतं, पण आईनं नुसतं शिवणयंत्राकडे पाहिलं आणि बाबांनी बूट घातले. कचेरीत एक खिडकी होती, खिडकीत एक कारकून, आणि कारकुनाच्या पुढ्यात एक पंखा, जो आलेल्यांचे कागद उडवायच्या कामावर नेमलेला होता. तोफेनं घरून लिहून आणलेला अर्ज पुढे केला आणि दम न घेता सगळी हकीकत सांगितली. कारकुनानं ती डोळे मिटून ऐकली.

"तक्रार मालकाविरुद्ध आहे ना?" तो म्हणाला. "मग अर्जावर मालकाची सही लागेल."

"ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच सही?"

"घर त्याचं आहे ना."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे." हा तिसरा धक्का, आणि हा घरच्याच माणसाकडून. तोफेनं विचारलं की मालकाला आत येण्याआधी कळवावं लागतं का, एवढं तरी सांगा. कारकुनानं इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला की त्याच्या स्वतःच्या मालकानं त्याच्या न्हाणीघरात सायकल ठेवलीय आणि तो ती रोज भल्या सकाळी काढायला येतो, मग आत कोणीही असो. त्यामुळे या विषयात त्याला फार खोलात जायचं नाही. मात्र मावशीच्या देशातला तो नियम लिहून दिलात तर बरं होईल, असं म्हणून त्यानं एक कोरा कागद खिडकीतून पुढे सरकवला. पंख्यानं तो उडवला.

घरी परतताना तोफेला वाटलं की अर्ज आता बाबांच्या खिशातच म्हातारा होणार. पण बाबांचा प्रामाणिकपणा ही फार भयंकर गोष्ट आहे. जिन्याशी येताच ते सरळ काकांच्या दारावर गेले, बेल वाजवली (खालची बेल उत्तम वाजायची), आणि म्हणाले, "जरा सही हवी होती."

काकांनी चष्मा लावून स्वतःविरुद्धची तक्रार पूर्ण वाचली. मग पेन मागितलं. "इथे 'कधीकधी न कळवता येतात' असं लिहिलंय," ते म्हणाले. "हे चूक आहे. मी रोज येतो." त्यांनी 'कधीकधी' खोडलं, 'रोज' लिहिलं, खाली सही केली, आणि कागद परत दिला. "मावशीचा देश," ते म्हणाले. "असू दे. देश आम्हालाही आहेत."

बाबांना दार बंद झाल्यावर कळलं की ते दुखावले आहेत. तोफेला दार बंद व्हायच्या आधीच कळलं होतं, आणि तिला आतून बारीकसं वाईटही वाटलं, पण तोफेनं एकदा तोंड उघडल्यावर वाईट वाटून चालत नाही.

काकांचा देश म्हणजे त्यांच्या मुलीचा. सगळे तिला ताई म्हणत. ती शिकायला म्हणून गेली होती आणि आता तिकडेच नोकरी करत होती, भाड्याच्या घरात. काकांनी तिला फोन केला आणि दुसऱ्या दिवसापासून ताईचा देश वर चढून आला. अगदी कळवून आला. दाराखालून रोज चिठ्ठी सरकायची: 'उद्या येत आहे. झारीसह.' आणि आल्यावर काका एकेक कलम ऐकवायचे. ताईच्या देशात जिना भाडेकरू झाडतात, पाळीपाळीनं. ताईच्या देशात रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या उघडून हवा खेळवावी लागते, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि ती भाडेकरूच्या माथी. ताईच्या देशात विशिष्ट वेळेनंतर नळसुद्धा दबक्या आवाजात सोडतात. आई टाचण्या तोंडात धरून ऐकायची, त्यामुळे तिला काय वाटतं ते कुणालाच कळायचं नाही. बाबा मात्र जिना झाडू लागले. पोस्टमास्तर त्यांना वरून सूचना द्यायचे.

मग एके दिवशी काका एका सुताराला घेऊन आले. सुतारानं स्वयंपाकघरात टेप लावायला सुरुवात केली.

"हे काय?" तोफ म्हणाली.

"ओटा काढायचाय," काका म्हणाले. "ताईच्या देशात भाडेकरू स्वयंपाकघर स्वतःचं आणतात. ओटा, कपाटं, सिंक, सगळं. जाताना घेऊन जातात. मालक फक्त खोली देतो आणि भिंतीतून एक नळ बाहेर काढून देतो."

"स्वयंपाकघर घेऊन जातात?" आईच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. "ट्रकमधून?"

"ताईनं स्वतः वाहिलंय."

सुतार टेप हातात धरून त्या देशाचा विचार करत राहिला. मग तोफेला कंठ फुटला. मावशीच्या देशात ओटा मालकाचा असतो, मोडला तर मालकच दुरुस्त करतो, आणि पोस्टमास्तरांच्या भाच्याच्या देशात तर काका आत्ता इथे उभेच राहू शकले नसते. काका म्हणाले की भाच्याचा देश इथे लागू नाही. तोफ म्हणाली की मग ताईचा का लागू आहे. बोलता बोलता आवाज वाढले. दोन देश समोरासमोर आले, तिसरा जिन्यातून कान देऊन उभा राहिला, आणि शेवटी तोफ म्हणाली, "मालक म्हणून तुम्हाला हक्कच नाही आत यायचा. भिंती तुमच्या आहेत. घर आमचं आहे."

काकांनी झारी खाली ठेवली. "ताईच्या देशात अजून एक कायदा आहे," ते म्हणाले. "मालकाला स्वतःच्या माणसांसाठी घर हवं असेल तर भाडेकरूला ते रिकामं करावं लागतं. ताई परत येतेय. मला घर हवंय."

आईनं यंत्राच्या चाकावर हात ठेवला. ते फिरत नव्हतं, तरी तिनं ते थांबवलं. मग तिनं गॅलरीच्या दाराकडे पाहिलं, जिथून तो उजेड आत यायचा, आणि टाचण्या वेचायला खाली बसली. तोफ काहीतरी बोलायला गेली, पण तोंडातून निघालं ते पुटपुटीचं. तिचं तिलाच ऐकू आलं नाही. सगळं मी केलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. घरात बोलणारं माणूस नव्हतं तेव्हा घर तरी होतं.

काका न्यायी होते हे त्यांच्या शत्रूंनीही मान्य करावं. आपण कायदा बनवून सांगितला असं कुणाला वाटू नये म्हणून ते रविवारी काकूंना घेऊन वर आले, आदल्या दिवशी चिठ्ठी टाकून, हातात झारी घेऊन, आणि टेबलावर फोन उभा करून त्यांनी ताईला लावला. सगळ्यांसमोर तिनंच तो नियम वाचून दाखवावा. दार उघडंच होतं, त्यामुळे पोस्टमास्तरही आले.

पडद्यावर ताईची छोटीशी खोली दिसू लागली. ओले केस, हातात चहाचा मग. तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि सांगायला लागली की हो, असा नियम आहे, पण मालकाला खरंच गरज आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि... तिच्या मागचं दार उघडलं. एक टकले आजोबा सपाता घालून आत आले. हातात धुण्याची बादली. ते ताईच्या मागून कोपऱ्यातल्या मशीनकडे गेले, कपडे आत कोंबले, टेबलावरच्या मगात डोकावले, त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले आणि गेले. दार मात्र हळूच लावून घेतलं.

"हा कोण?" काका म्हणाले.

"आमचे घरमालक. त्यांचं मशीन माझ्याकडे आहे."

"न विचारता आत आला?"

"किल्ली आहे त्यांच्याकडे. रोज येतात. आत्ता म्हणाले, तुझा चहा फार फिका दिसतोय."

काका उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता की काकूंनी त्यांचा सदरा धरून ठेवला. "तू एकटी असतेस तिथे," ते म्हणाले. "केस ओले आहेत तुझे. आणि तो... त्याला लाज नाही? कळवायचं नाही? त्या देशात कायदा नाही का काही?"

"आहे ना बाबा. कडक आहे. पण सांगायला तोंड उघडावं लागतं." ताई जराशी हसली. "मला आधी खटकलंच नाही. आपल्या घरी तुम्ही असेच वर जायचा ना. मला वाटलं, मालक असेच असतात."

खोलीत कुणीही काकांकडे पाहिलं नाही. बाबा बुटांकडे पाहत होते, पोस्टमास्तर चक्क छताकडे. तोफेच्या जिभेवर एक वाक्य आलं. तयार, धारदार, टाळ्या घेणारं वाक्य. तिनं ते गिळलं. तोफ झाल्यापासून तिनं गिळलेलं ते पहिलंच वाक्य, आणि ते गिळायला भलतं अवघड गेलं.

"ऐक ना," ताई तिलाच म्हणाली. "बाबा सांगत होते, तू दारावर काहीतरी लावलंस. मला फोटो पाठवशील? मी त्यांच्या भाषेत करून घेते."

"कागद काकांनी काढला," तोफ म्हणाली. "डाग पडतात म्हणून."

"माझ्याकडे आहे तो," काका अगदी हळू म्हणाले. "जपून ठेवलाय. अक्षर चांगलं होतं."

मग आईनं विचारलं, आजवर कधी न विचारणाऱ्या आईनं, की ताई, तू येतेयस कधी. ताई म्हणाली, "सुट्टीत, थोड्या दिवसांसाठी. खाली माझी खोली आहे की. का?" काकांनी फोन उचलला, झारी उचलली, आणि गुलाबांना पाणी न घालताच खाली गेले. झारी अजून भरलेलीच होती. जिन्यातून तिचं पाणी हिंदकळत गेल्याचं ऐकू आलं. बाबांनी मागून जिना पुसला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली नाही. किल्ली फिरली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आईचं यंत्र चालत होतं, उजेड पडत होता, मुख्याध्यापिकांनी पुन्हा येते असा निरोप पाठवला होता, आणि तरी घरात सगळ्यांना कसंतरीच होत होतं. घर राहिलं की गेलं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि जाऊन विचारायची कुणाची छाती नव्हती. गुलाबांनी माना टाकल्या. ज्या कळीशी काका बोलायचे तिनं तर अगदीच जीव सोडल्यासारखं केलं होतं.

तिसऱ्या दिवशी तोफ शाळेला निघाली. तिनं दार उघडलं आणि जागच्या जागी थिजली.

दारात मालककाका उभे होते. इस्त्रीचा सदरा, एका हातात झारी, आणि दुसऱ्या हाताचं बोट बेलच्या बटणावर, घट्ट दाबून धरलेलं. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. चेहऱ्यावर घोर अपमान.

"केव्हाचा वाजवतोय," ते म्हणाले. "कालही आलो होतो. बराच वेळ वाजवली आणि परत गेलो. परवाही. माणसानं उत्तर तरी द्यावं."

तोफेनं आधी काकांकडे पाहिलं, मग बटणाकडे, मग पुन्हा काकांकडे. "काका," ती म्हणाली, "बेल बंद आहे."

काकांनी बोट काढलं. बटण निरखून पाहिलं, जणू ते आत्ताच कुणीतरी तिथे आणून लावलंय. कुठल्या देशात काय कायदा असेल तो असो, पण ती बेल कुणी दुरुस्त करायची हे सगळ्या देशांत सारखंच असणार, हे त्यांच्या लक्षात येताना स्पष्ट दिसत होतं.

"असं कसं," ते शेवटी म्हणाले. "हे तुम्ही एक दिवस आधी कळवायला हवं होतं."

आतून आईच्या यंत्राचा आवाज थांबला. तोफेनं ओठ आवळून धरले आणि दारातून बाजूला झाली. "या काका," ती म्हणाली. "आत या."

एवढ्या काळात त्यांना 'या' असं कुणी म्हटलं नव्हतं, कारण म्हणायला ते कधी थांबलेच नव्हते. काका जरा गोंधळले. मग त्यांनी पायपुसण्यावर सपाता पुसल्या, खिशातून वरची किल्ली काढली, ती दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि झारी सांभाळत गॅलरीकडे निघाले. आरशापाशी मात्र क्षणभर थांबले.

"भाषण कधी आहे तुझं?"

"उद्या."

"दुसरा मुद्दा?"

"बदलला," तोफ म्हणाली.

"बरं केलंस," काका म्हणाले, आणि कळीची विचारपूस करायला गेले.